तीस वर्षं मुरलेली बोर्दो: उघडावी कधी, ओतावी कशी आणि लागते कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचं लग्न १९९६ सालचं, म्हणून मेव्हण्यांनी पॅरिसहून येताना त्याच सालची 'शातो लेओव्हिल बार्टन' ही फ्रान्समधल्या बोर्दोची रेड वाईन आणली. गेले सहा महिने ती पुण्याच्या घरात दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात उभी आहे. अजून काही वर्षं ठेवली तर आणखी चांगली होईल का, बिघडली असेल तर कसं कळणार, आणि आपण एरवी नाशिकची रेड पितो तिच्यापेक्षा हिच्यात असं काय वेगळं लागणार, हे तुम्हाला हवं आहे.

पुढचं वाचण्याआधी एक काम करा. बाटली त्या कपाटातून काढा. वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या खणात आडवी ठेवा. फ्रिज ही वाईनची कायमची जागा नव्हे, पण दोन-तीन महिन्यांसाठी पुण्याच्या दिवाणखान्यापेक्षा शंभरपट बरी. अशा वाईनला बारा-चौदा अंश तापमान, अंधार आणि थोडी दमट हवा लागते. तुमच्या बाटलीने शोकेसमधल्या दिव्याखाली एक एप्रिल आणि एक मे काढलाय. वर ती उभी. उभ्या बाटलीचं बूच आतून कोरडं पडून आकसतं आणि हवा आत शिरते. आडवी असली की बूच ओलं राहतं.

काढलीच आहे तर उजेडात धरून वाईन कुठपर्यंत आहे ते बघा. बोर्दोच्या बाटलीला चौकोनी खांदे असतात. तीस वर्षांच्या बाटलीत वाईन मानेच्या तळापर्यंत असेल तर उत्तम, खांद्याच्या वरच्या टोकाला असेल तरी काळजी नको. खांद्याच्या मध्याखाली उतरली असेल तर आशा कमी धरा. मग बुचावरच्या टोपणावरून बोट फिरवा. बूच वर सरकून टोपण फुगलं असेल, किंवा मानेवरून चिकट ओघळ आला असेल, तर बाटलीला उष्णता लागली आहे. अशी वाईन शिजवलेल्या मनुकांसारखी लागते. ती प्यायल्याने काही होत नाही, पण मेव्हण्यांनी जिच्यासाठी पैसे मोजले ती वस्तू ही नव्हे.

आता ठेवण्याबद्दल. 'वाईन जितकी जुनी तितकी चांगली' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की हल्ली वादही घालत नाही. जगातली बहुतेक वाईन दोन-चार वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच बनते. लोणचं मुरतं, पन्हं मुरत नाही, आणि कैरी दोन्हीकडे तीच असते. मुरायला टिकवून धरणारं काहीतरी लागतं. लोणच्यात ते मीठ-तेल, रेड वाईनमध्ये आंबटपणा आणि तुरटपणा. तुरटपणा येतो द्राक्षाच्या सालीतल्या आणि बियांतल्या टॅनिनमधून. कच्चं केळं किंवा सुपारी चावल्यावर तोंड आवळतं ना, तेच हे टॅनिन. वाईन नवी असताना ते जिभेला खरखरीत लागतं. वर्षं जातात तसे त्याचे कण एकमेकांना आणि रंगद्रव्याला चिकटून मोठे होत जातात, आणि फार मोठे झाले की तळाला बसतात. त्यामुळे वाईनचा रंग उतरतो, तुरटपणा मऊ होतो आणि बाटलीत साका जमतो. तो साका म्हणजे भेसळ नव्हे, बिघाडही नव्हे. दरम्यान बुचातून अगदी किंचित हवा आत जात राहते, फळाचे ताजे वास मावळतात आणि त्यांच्या जागी दुसरेच वास तयार होतात. जुन्या वाईनचं सगळं मोल या दुसऱ्या वासांत आहे.

सगळ्या द्राक्षांना हे झेपत नाही. कॅबर्ने सोविन्योंला झेपतं, कारण त्याचा मणी लहान आणि साल जाड. तुमच्या बाटलीत मुख्य तेच आहे, जोडीला मर्लो आणि थोडं कॅबर्ने फ्रां.

ही वाईन कुठली, तेही जाणून घ्या, कारण चव तिथूनच येते. बोर्दो शहराच्या उत्तरेला जिरोंद नदीचं रुंद मुख आहे. त्याच्या डाव्या काठाने समुद्राकडे गेलेली जमिनीची जी चिंचोळी पट्टी, ती मेदॉक. पाहायला जाल तर निराशा होईल. डोंगर नाहीत, देखावा नाही, सपाट माळ आणि वेली. पण त्या माळावर नदीने आणून टाकलेल्या गोट्यांचे बुटके उंचवटे आहेत. गोट्यांतून पाणी झरझर खाली जातं, वेलीला मुळं खोल घालावी लागतात, आणि दिवसभर तापलेले गोटे रात्री ऊब देतात. कॅबर्नेला पिकायला वेळ लागतो, त्याला ही ऊब हवी असते. नदी दिसते तिथली वेल उत्तम, असं तिथे म्हणतात. मेदॉकमधल्या मार्गो, सें-ज्युलियाँ, पोयाक आणि सें-तेस्तेफ या चार प्रसिद्ध गावांत तुमची बाटली सें-ज्युलियाँची. चौघांत हे गाव सर्वांत लहान. पोयाकचा दणकटपणा आणि मार्गोचा सुगंध यांच्या मधोमध याची वाईन बसते. घरातल्या मधल्या भावंडासारखी, फारशी बोलत नाही पण भरवशाची.

लेओव्हिल ही मुळात एकच मोठी जहागीर होती. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तिचे तुकडे पडत गेले आणि शेवटी तीन वेगळ्या वाईन झाल्या: लास काज, प्वाफेरे आणि बार्टन. बार्टन हे आयरिश घराणं. पहिला बार्टन १७२२ मध्ये व्यापारासाठी बोर्दोला आला. त्याच्या वंशातल्या ह्यू बार्टनने १८२१ मध्ये शेजारची लांगोआ ही जहागीर घेतली आणि १८२६ मध्ये लेओव्हिलचा एक हिस्सा. तेव्हापासून मालमत्ता त्याच घरात आहे. गंमत अशी की 'शातो' म्हणजे वाडा, आणि लेओव्हिल बार्टनचा स्वतःचा वाडाच नाही. लेबलवर जो वाडा दिसतो तो लांगोआचा! १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या सांगण्यावरून मेदॉकच्या वाईनची पाच दर्जांची यादी झाली, तिच्यात ही दुसऱ्या दर्जात आली. ती यादी आजही चालते आणि तिच्यात बदल जवळजवळ झालेलेच नाहीत. १९७३ मध्ये मूतों रॉथशिल्ड या वाईनला दुसऱ्यातून पहिल्या दर्जात घेतलं, तो गाजलेला अपवाद. तुमची वाईन झाली तेव्हा कारभार अँथनी बार्टन पाहत होते. १९८३ पासून त्यांनी तो सांभाळला, २०२२ मध्ये ते गेले. शेजारी भाव चढवत असताना यांनी आपले भाव बेताचे ठेवले, अशी त्यांची ख्याती. मेव्हण्यांनी निवड विचार करून केली आहे, एवढं मी नक्की म्हणेन.

आणि साल. १९९६ च्या ऑगस्टच्या शेवटाला पाऊस झाला, त्याचा फटका लवकर पिकणाऱ्या मर्लोला जास्त बसला. म्हणून नदीच्या उजव्या काठाला, जिथे मर्लोचं राज्य, हे साल डाव्या काठाइतकं उजळलं नाही. मेदॉकमध्ये मात्र सप्टेंबरात कोरडे दिवस, गार रात्री आणि वारा मिळाला, कॅबर्ने निवांत पिकलं आणि त्याची तोडणी ऑक्टोबरपर्यंत गेली. अशा हवेत साखर भरते आणि आंबटपणाही टिकतो, म्हणजे मुरण्याचं सगळं सामान जमतं. लेओव्हिल बार्टन तशीही ताठ स्वभावाची, उशिरा खुलणारी. ९६ ची पहिली पंधरा वर्षं तर ती कुणाला हसून दाखवायला तयार नव्हती. आज ती ऐन भरात आहे. नीट तळघरात पडून असती तर अजून दहा वर्षंही निघाली असती. पण तुमची बाटली पुण्याचा उन्हाळा बघून बसली आहे. म्हणून सरळ सांगतो, लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाची वाट पाहू नका, या तिसाव्यालाच उघडा.

आता चवीकडे येतो, आणि इथे जरा वेळ घेतो.

पहिला घोट घेतल्यावर तुम्ही म्हणाल, 'ही तर पातळ आहे.' बहुतेक जण म्हणतात. नाशिकला द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये, भरपूर उन्हात काढली जातात. त्या वाईनमध्ये फळ समोर येऊन उभं राहतं: गडद रंग, पिकल्या फळाचा दरवळ, तोंडभर चव. तिथल्या बहुतेक रेड त्या ताजेपणीच प्यायच्या असतात आणि तशा मला आवडतातही. तीस वर्षांच्या बोर्दोत हे समोर येणारं फळ मागे सरलेलं असतं. दणका शोधाल तर काहीच सापडणार नाही.

ग्लास एक तृतीयांशच भरा आणि पांढऱ्या कापडावर तिरका धरा. मधे गडद माणकाचा रंग, कडेला विटकरी, आणि अगदी टोकाला पाण्यासारखी फिकी किनार. नवी वाईन कडेपर्यंत जांभळी असते. ही विटकरी किनार म्हणजे वय.

मग वास. ग्लास न हलवता आधी एकदा हुंगा. उघडल्या उघडल्या बहुधा कोंदट वास येईल, वर्षभर बंद असलेल्या माळ्यासारखा. घाबरू नका, दहा-पंधरा मिनिटांत तो उडतो. मग पहिल्यांदा जे येतं ते शाळेत पेन्सिलीला टोक काढताना यायचं ते. शार्पनरमधून सुटलेली लाकडाची चक्री आणि शिशाची पूड, दोन्ही एकत्र. मेदॉकच्या जुन्या कॅबर्नेची ही सहीच समजा. त्याला इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये देवदाराचं नाव देतात, पण ज्याने पेन्सिल छिलली त्याला नाव लागत नाही. त्याच्या मागून सुक्या तंबाखूच्या पानाचा गोडसर वास येतो. आजोबांची चंची उघडल्यावर यायचा तसा, चुना वजा करून. फळ आहे, पण सुकलेलं. युरोपातले लोक त्याला काळं करंट म्हणतात. ते फळ आपल्याकडे नाही, मी विद्यार्थ्यांना जांभूळ आणि काळी मनुका यांच्या मधलं काहीतरी असं सांगतो. अर्धा तास गेल्यावर ग्लास हलका फिरवा. आता खालचे वास वर येतील: जुन्या पुस्तकाच्या चामडी बांधणीचा, अळंबीचा, आणि श्रावणात झाडाखाली कुजत चाललेल्या पानांचा. पहिल्या पावसात तापल्या मातीचा येतो तो वास वेगळा. हा नंतरचा, ओल मुरलेल्या जमिनीचा.

एक इशारा. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा भिजून वाळलेल्या गोणपाटाचा वास आला आणि अर्ध्या तासानंतरही गेला नाही, उलट वाढला, तर वाईनला 'बूच लागलं' आहे. बुचातल्या एका रसायनाचा तो परिणाम. यात ना मेव्हण्यांचा दोष ना तुमच्या कपाटाचा, आणि त्यावर उपायही नाही. व्हिनेगरचा किंवा नखांच्या पॉलिशचा झणका आला तर वाईन आंबटली. थोडा तबेल्यासारखा वास आला तर मात्र लगेच नाक मुरडू नका. एका जातीच्या यीस्टमुळे तो येतो, जुन्या बोर्दोत कमीअधिक असतोच. मला थोडा चालतो, माझ्या बायकोला मुळीच चालत नाही.

घोट छोटा घ्या आणि तोंडात फिरवा. सुरुवातीला आंबटपणा जाणवेल, तोंडाला पाणी सुटेल. त्याच्या मागून टॅनिन येईल, पण ते आता आवळत नाही. नवी गोधडी आणि दहा वर्षं धुतलेली गोधडी, सूत तेच असलं तरी अंगाला वेगळी लागते, तसं. सें-ज्युलियाँची असल्याने आणि ९६ ची असल्याने हिरड्यांवर किंचित पकड अजून उरलेली असेल. ती असावी, तीच वाईनचा कणा. गोडी जवळजवळ शून्य. मग गिळा, आणि गिळल्यावर बोलू नका. साध्या वाईनची चव चार-पाच सेकंदांत पुसते. हिची अर्धं मिनिट रेंगाळते, आणि त्या अर्ध्या मिनिटात बदलते: आधी मनुका, मग पेन्सिल, शेवटी तंबाखूचा मंद कडवटपणा. माणसं हजारो रुपये या रेंगाळण्याला मोजतात. एवढं सगळं सांगूनही तुम्हाला ते आवडणार नाही असं होऊ शकतं, आणि तेही ठीकच.

हे सगळं हाती लागायचं तर ओतताना चूक होता कामा नये. माझी चूक सांगतो. मुंबईतल्या एका हॉटेलात नोकरीला नवा होतो. एका पाहुण्याने स्वतःची तिशीतली बोर्दो आणली होती. मी पुस्तकात वाचलेलं होतं की बोर्दो डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद काचेच्या भांड्यात, ओतून श्वास घेऊ द्यावी. म्हणून जेवणाच्या तीन तास आधीच ओतून ठेवली. वाढली तेव्हा तिच्यात नुसता आंबटपणा आणि ओलं लाकूड उरलं होतं. ते गृहस्थ एक शब्द बोलले नाहीत, ग्लास संपवला, उठताना मला 'थँक यू' म्हणाले. त्या 'थँक यू'ची मला आजही लाज वाटते. तीन तासांची हवा नव्या, दांडग्या वाईनला लागते. म्हाताऱ्या वाईनचे वास मोजके उरलेले असतात, ते भसकन उडून जातात.

म्हणून असं करा. समारंभाच्या दोन दिवस आधी बाटली फ्रिजमध्येच सरळ उभी करा, म्हणजे साका तळाला बसेल. त्या संध्याकाळी पाऊण तास आधी बाहेर काढा. वाईन सोळा ते अठरा अंशांवर प्यायची असते. 'रूम टेंपरेचर' हा शब्द थंड देशातला, पुण्याच्या खोलीतल्या अठ्ठावीस अंशांत हिचा नुसता अल्कोहोल नाकात जाईल. बूच जुनं आहे, नेहमीचा स्क्रू घातलात तर चुरा होण्याची शक्यता भरपूर. दोन पात्यांचा ओपनर मिळतो, त्याला 'आ-सो' म्हणतात, तो मागवा. लांब पातं आधी बूच आणि काच यांच्या फटीत घाला, मग आखूड, डावं-उजवं डोलवत खाली न्या आणि पिळत पिळत वर ओढा. घाई करू नका. तरी बूच तुटलंच तर उरलेलं आत ढकला आणि मलमलच्या कापडातून गाळा. ते कापड नुसत्या गरम पाण्यात धुतलेलं हवं. धुण्याच्या पावडरीचा वास वाईनमध्ये उतरतो, हे मी करून पाहिलंय.

मग मोबाइलचा टॉर्च टेबलावर उभा ठेवा, त्याच्यावर बाटलीची मान येईल असं धरा, आणि एका दमात, हात न थांबवता, स्वच्छ काचेच्या जगमध्ये ओता. मधेच बाटली सरळ केलीत की साका ढवळला. आधी वाईन काचेसारखी नितळ येईल. शेवटाकडे खांद्याजवळ एक काळपट धूर सरकताना दिसेल. दिसला की थांबा. तळाची अर्धी वाटी सोडून द्यायची, जीव कितीही तुटला तरी. पंधरा मिनिटांत ग्लासात वाढा आणि बाकीची हवा तिला ग्लासातच खाऊ द्या. पुढच्या दीड तासात ती चार वेळा बदलेल, आणि ते बदल बघण्यासाठीच तर बसायचं आहे.

जेवण साधं ठेवा. मेदॉकमध्ये हिच्याबरोबर कोकराचं भाजलेलं मटण खातात. आपल्याकडे मीठ, मिरी, लसूण लावून ओव्हनमध्ये भाजलेली मटणाची रान, म्हणजे अख्खी मांडी, छान जमते. तांबडा रस्सा त्या रात्री नको. मला तो प्राणप्रिय आहे, पण तिखटापुढे अल्कोहोल जळजळतो, तुरटपणा वाढतो आणि असले नाजूक वास बिचारे पळून जातात. शाकाहारी असाल तर तुपावर परतलेली अळंबी आणि जुनं चेडार चीज.

शेवटी हिशेब. ७५० मिलीतून साका गेला की सातशेच्या आसपास उरते, म्हणजे पाच ग्लास, फार तर सहा. म्हणून वीस जणांच्या पार्टीत ही बाटली काढू नका. तुम्ही दोघं, मेव्हणे आणि त्यांच्या सौभाग्यवती, एवढेच बसा. आणि नाशिकची एक चांगली कॅबर्ने-शिराझ हाताशी ठेवा. फ्रेंच बाईंना बूच लागलेलं निघालं तर तीच उपयोगाला येईल, आणि नाही निघालं तरी मटण संपायच्या आत जग रिकामा झालेला असेल.